दाराबाहेरची बादली

चि. स्वरूपास आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर मी घरी न येता तुझा सिनेमा बघायला चिंचवडला गेलो. तू रॅप करायला लागलीस तेव्हापासून मी अबोला धरलाय. आता तर तू नटी झालीस. मध्यंतराआधीच तुला गोळी लागली. पडद्यावर तुझी चिता पेटली, तेव्हा मी नकळत हात जोडले.

कुरुळीत परतलो आणि स्मशानातून आल्यासारखं दाराबाहेरच थांबून आंघोळीला पाणी मागितलं.

तुझी आई घाबरली. "अहो, कोण गेलं?"

"स्वरूपा. सिनेमात."

बादली माझ्यापुढं आदळत ती म्हणाली, "मग बोला की तिच्याशी. जिती हाय अजून."

तिथंच बसून हे लिहायला घेतलं. मधेच उठलो, ते पाणी तुळशीला घातलं आणि तुला फोन लावला. तू "अप्पा?" म्हणालीस. आता हे पत्र पाठवत नाही.

तुझे
अप्पा