खालच्या आळीतलं चौदावं घर

१४ मार्च, शनिवार

दाजींनी आज खुर्चीवर बसायला साफ नकार दिला!

सकाळी आम्ही दोघं कालव्यावरून फिरून येत होतो. मारुतीच्या देवळासमोर माणसं बसलेली – पायरीवर, पारावर, मिळेल तिथं. दाजी दिसले की कुणीतरी ओरडतंच – "खुर्ची आना रं!" लाल प्लास्टिकची खुर्ची आली. दाजी सरळ खाली मातीत बसले. झालं, सगळे उठून उभे! देवळाची कामं बघणाऱ्या युवराजनं काखेत हात घालून त्यांना उचललं आणि खुर्चीत ठेवलं. "असं न्हाय चालायचं दाजी. लोकं आमच्या तोंडात शेन घालतील."

दाजी हसले. पण घराच्या फाटकाशी म्हणाले, "बारा वर्षं झाली. अजून मी पाहुणा."

त्यांचं खरं नाव विलेम. हॉलंडमध्ये पोस्टात होते, घरोघर टपाल वाटायचे. बायको इथलीच, सणसरची – प्रयागबाई, तिकडं नर्स. निवृत्त झाल्यावर दोघं इथं आले, आमच्या खालच्या आळीत घर बांधलं. तीन वर्षांमागं बाई गेल्या. दाजी राहिले. सगळं गाव त्यांना दाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते आणि मराठी वाचायला शिकवते.

आज त्यांनी सांगितलं – निकितानं, त्यांच्या मुलीनं, तिकडं तिच्या घराजवळ एक फ्लॅट बघितलाय. हो की नाही, हे तिला एकतीस तारखेपर्यंत हवंय.

१६ मार्च, सोमवार

दाजींचं कपाट आवरलं. त्यात सत्तावीस फेटे! एकेका लग्नात बांधलेले. टोप्या आणि उपरणी वेगळीच. बारसं, साखरपुडा, दहावा, वास्तुशांत – या माणसाचा एक दिवस मोकळा जात नाही. काल निरवांगीला लग्न, उद्या वडगावला जावळ. सगळीकडं पहिली पंगत, ताटाशेजारी बिसलेरीची बाटली, वाढणारा वाकून विचारणार, "दाजी, तिखट न्हाय ना झालं?"

मी म्हटलं, "किती मान आहे तुम्हाला."

फेट्याची घडी घालत म्हणाले, "सगळे बोलावतात. पण मी नाही गेलो, तर कुणाचं काही अडत नाही."

दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरतंय.

आणि एक गोष्ट लिहूनच ठेवते, लपवून काय उपयोग. ते गेले तर माझं सकाळचं पगाराचं काम जाईल. मला ते राहायला हवेत, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? खरं सांगायचं तर – दोन्ही.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. युवराजनं गुढी उतरायच्या आतच मला काम लावलं! सप्ता सव्वीसला बसतोय. आमटी देवळात शिजते, भाकरी गावातून जमतात – रोज एका आळीची पाळी, घरटी वीस भाकरी, दहाच्या आत. घरांची यादी मी लिहायची, माझं अक्षर चांगलं म्हणून.

खालच्या आळीची पाळी मंगळवारी, एकतीसला. घरं मोजली, चौदा. युवराजला विचारलं, "दाजींचं घर धरायचं ना?"

"येडी का खुळी तू? जावयाकडनं भाकरी मागायची?"

बरोबरच होतं की. मला तेव्हा बरोबरच वाटलं. तेरा नावं लिहिली.

२० मार्च, शुक्रवार

माझी चूक झाली. फार मोठी.

यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवली आणि मीच दाजींना तिथं घेऊन गेले – म्हटलं, हाताचं अक्षर वाचायचा सराव होईल! ते एकेका नावावर बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या नावाखाली बोट थांबलं. मग वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"आळीत चौदा घरं," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं घरं मोजली आहेत. एक सुटलं तर मला कळतं."

मी यादीचा सुटलेला कोपरा दाबून चिकटवला.

"अक्षर छान आहे," म्हणाले, आणि घरी गेले.

मला मोजायला आबांनी शिकवलं. शाळा नंतर आली. आधी मेंढरांमागची भटकंती, आणि तळावर आबांची फुटकी पाटी. संध्याकाळी मेंढरं मोजायचो. एक कमी भरलं की आबा म्हणायचे, "पहिल्यापास्नं मोज. जे सुटलं त्येच्यासाठीच मोजायचं आसतं." आणि मी एक घर जाणूनबुजून सोडलं!

२१ मार्च, शनिवार

पेपर वाचला नाही आज. दाजी म्हणाले, "निकिताला हो म्हणणार आहे."

२२ मार्च, रविवार

सकाळी चुलीपाशी सारजा आजीला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. मग म्हणाली, "नंदे, आपलं नाव यादीत पयल्यांदा आलं तवा तू नऊ वर्साची व्हतीस. ध्येनात हाय का?"

आठवत होतं. मेंढरं विकून आम्ही इथं घर बांधलं, ते पहिलं वर्ष. कोतवाल दारात येऊन आबांना म्हणाला, "म्हस्कू, तुज्या घरच्या वीस भाकरी." आणि आजी रडायला लागली. मला वाटलं, पीठ नाही म्हणून रडते. पीठ होतं. पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याच गावानं आमच्याकडं भाकरी मागितली नव्हती – म्हणून रडत होती.

लगेच दाजींकडं गेले. एका दमात सांगून टाकलं – तुम्ही परदेशी म्हणून नाही सोडलं. तुम्ही जावई आहात! गावच्या लेकीचा नवरा. जावयाला खुर्ची द्यायची, पहिल्या पंगतीला बसवायचं, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. इंदापूरचा जावई असता तरी हेच केलं असतं.

"म्हणजे रंगामुळं नाही?" त्यांनी विचारलं. बारा वर्षं त्यांना वाटत होतं की कातडीचा रंग आडवा येतो!

"मग जावई कधी संपतो?"

"संपत नाही."

"प्रयाग गेली. तरी?"

"तरीही."

"म्हणजे जास्तच कठीण," ते म्हणाले.

खरंय. उलगडा झाला, पण घर यादीत आलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

आप्पासाहेबांकडं गेले. सप्त्याचे मुख्य तेच, आणि प्रयागबाईंचे चुलतभाऊ. म्हणजे दाजींचे सख्ख्यासारखे मेहुणे. जाताना दोनदा मागं वळले. पण बोलले! जसं घडलं तसं सगळं.

आप्पासाहेब सुपारी कातरत होते. "पोरी, भनीच्या नवऱ्याला चुलीम्होरं बसवू? वर प्रयागी काय म्हनंल मला?"

"ते निघालेत, आप्पा. कायमचे."

अडकित्ता थांबला. "कुनी काय बोललं का त्यास्नी?"

"कुणी काहीच बोलत नाही, तेच तर. घर सुटलंय यादीतनं."

ओसरीवर गहू निवडत बसलेल्या सिंधुबाई, त्यांच्या मालकीणबाई, फणकारल्या – "सासुरवाडीत ऱ्हायचं, सासुरवाडीचं काम करायचं, मग सरळ घरजावईच म्हना की!"

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं डोळे वटारले. मी उठून आले.

आता हे दाजींना सांगू की नको? घरजावई म्हणजे टोमणा, चांगला शब्द नव्हे. सांगितलं तर दुखावतील. पण निम्मं सांगणं म्हणजे पुन्हा एक घर सोडणं. उद्या सांगणार.

२५ मार्च, बुधवार

सांगितलं.

"घरजावई म्हणजे काय?"

म्हटलं, "जो बायकोच्या माहेरी राहतो. त्याला फेटा नाही, खुर्ची नाही. पाणी भरायचं, गुरं बघायची, आणि कुणीही त्याला रागावतं."

दाजी ताडकन उठले. "रागावतात? कुणीही?"

"हो."

"चल!"

मंडपाची तयारी चालली होती, निम्मं गाव तिथं. दाजी खुर्ची यायच्या आत आप्पासाहेबांसमोर उभे राहिले आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले, "आप्पासाहेब, मी जावईपदाचा राजीनामा देतो. मी घरजावई आहे. वीस भाकरी माझ्या घरच्या."

युवराज फिस्सकन हसला आणि मंडपच हसला! आप्पासाहेबांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "आरं, भाकरी येती का थापाया? का हालंडवरनं मागवनार?"

"शिकतो."

"आन कमी पडल्या तर?"

"तर रागवा."

आप्पासाहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिही गं पोरी. घर क्रमांक चौदा."

खाली जागा होती, तरी तिथं लिहिलं नाही. आख्खी यादी नव्यानं काढली. पहिल्यापासून.

२७ मार्च, शुक्रवार

सारजा आजीची शाळा सुरू. दाजी पाटावर, समोर काठवट. आजी – "पानी कडकडीत पायजे. मळ आजून. आजून! हातात जीव हाय का न्हाय?" इतकी वर्षं ह्या माणसाला कुणी असं बोललं नव्हतं.

पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरीला काठच नव्हते. तिसरी – "ह्यो कुठला नकाशा काडलास रं?" दाजींनी निरखून बघितलं. "माझ्या देशाचा. समुद्र इथून आत येतो."

आजी "अहो दाजी" वरून "रं" वर कधी आली, कळलंच नाही. त्यांच्या मात्र लक्षात आलं असावं.

२९ मार्च, रविवार

पाचातली एक फुगली! म्हशीनं उरलेल्या चार खाल्ल्या. तक्रार केली नाही.

३० मार्च, सोमवार

उद्या आमची पाळी. आजी म्हणाली, "वीसच्या वीस मी बडवून देती, कुनाला कळतंय?" दाजींनी मान हलवली. "मला कळेल." असा माणूस मला फार आवडतो.

निकिताला अजून काही कळवलेलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनी गावासाठी थांबावं, माझ्या कामासाठी नको. म्हणून तोंड मिटून बसले. सोपं नव्हतं!

३१ मार्च, मंगळवार

आमच्या भाकरींची दुरडी साडेनऊलाच देवळात पोचवली. तेरा घरांच्या आल्या. चौदाव्या घराचा पत्ता नाही. दहा वाजून गेले. आमटी उतरली, माणसं पंगतीला बसली, आणि युवराजनं माइक घेतला. आख्ख्या गावात घुमलं – "खालच्या आळीतल्या विलेमच्या घरच्या भाकरी आजून आल्या न्हाईत! काय झोपला का काय? पंगत खोळंबलीया!"

'दाजी' नाही, 'विलेम' म्हणाला!

मी पळत गेले. भोंग्यावर युवराज ओरडतच होता. दार सताड उघडं. कोपरापर्यंत पीठ, तव्यावर सतरावी, आणि पिठाच्या हातानं फोन खिडकीबाहेर भोंग्याच्या दिशेनं धरलेला. पलीकडं निकिता. ते आधी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. पण मग मराठीत, मोठ्यानं –

"ऐकलंस ना? माझ्यामुळं अडलंय!"