यारेत्सीचा पहिला वॉल्ट्झ

४ मे, रविवार
चोवीस तारखेला आमची यारेत्सी पंधरा वर्षांची होतेय. आमच्याकडे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला मोठा समारंभ, आणि त्यात तिचा पहिला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीचा नाच, बापाबरोबर. म्हणजे माझ्याबरोबर. यात वादच नाही. कुटुंबप्रमुख मी आहे. फक्त सध्या तात्पुरता टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. (आठ वर्षं झाली.) मधल्या काळात माझ्या बायकोने, ओफेलियाने, त्या नाबोरशी लग्न केलं, तो तिचा उतावळेपणा.

आज त्यांच्या अंगणात नाचाची रिहर्सल होती. गेलो नाही. यारेत्सीने फोनवर नुसतं सांगितलं, पप्पा, पाचला ये. असं बोलावतात? मुलीच्या बापाला काही मानपान असतो की नाही? शिवाय मॅच होती.

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास सराव. घरच्या घरी.

७ मे, बुधवार
सराव सुरू. झाडू धरून. झाडू फारच हलका, गिरकीत मजा येत नाही. उद्यापासून खुर्ची.

ओफेलियाचा फोन. बँड, केक, बूट, एकेका खर्चाचा एकेक मानकरी ठरतोय, तू काय घेतोस? मी म्हटलं, बँड. तो नाबोरच्या भावाने घेतला म्हणे. मग केक? तो त्याच्या बहिणीने. बूट? ते तुझ्या आईने. शेवटी राहिला सोडा. घेतला. नीट विचार केला तर सगळा समारंभ सोड्यावरच उभा असतो. केक नसला तरी चालेल, घशाला कोरड पडल्यावर काय करतील?

१० मे, मातृदिन
फुलं घेऊन आईकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नाबोर गाडी घेऊन आला होता, तुझ्या आईला ओफेलियाकडे घेऊन गेला. माझी आई! माझ्या बायकोच्या नवऱ्याच्या गाडीत! फोन केला तर मागे हसण्याचा गलका. म्हणते, अरे तूही ये ना, नाबोरने मटण शिजवलंय, तुला आवडतं तसं. मी म्हटलं, भूक नाही.

भूक होती. फुलं शेजारणीला देऊन टाकली. नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा एका वाटी मटणासाठी विकला बाईने.

११ मे, रविवार
रिहर्सल. गेलो नाही. काल जे झालं त्यानंतर तत्त्वाचा प्रश्न आहे.
खुर्ची अंगठ्यावर पडली. सराव दोन दिवस बंद.

१८ मे, रविवार
आज नक्की जाणार होतो. पण सूट आणायला शिंप्याकडे गेलो आणि तो माणूस महाबोलका निघाला. संध्याकाळी यारेत्सीचा फोन. सगळे तुझ्यासाठी थांबले होते, शेवटी नाबोर तुझ्या जागी उभा राहिला. मी म्हटलं, राहू दे बिचाऱ्याला, तेवढीच त्याची हौस. त्यावर तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. पोरगी समजूतदार. माझ्यावर गेलीय.

२२ मे, गुरुवार
शेवटची रिहर्सल. गेटपर्यंत गेलो. आत गाणं चाललं होतं. नाबोर मोठमोठ्याने एक-दोन-तीन, एक-दोन-तीन मोजत होता. यारेत्सीचा पाय त्याच्या पायावर पडला आणि दोघं पोट धरून हसायला लागली. आई टाळ्या वाजवत होती.
आत गेलो नाही. मला बघून सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. मी लोकांचा फार विचार करतो.

२४ मे, शनिवार, सकाळ
सूट झकास. पोट थोडं आत घ्यावं लागतं. सोड्याच्या पेट्या हॉलवर पोचल्या. बर्फ सांगायचा राहिला, तो नाबोरने आणला म्हणे. पुढेपुढे करायची सवयच आहे त्याला.
आज सगळ्या गावाला कळेल बाप कोण ते.

२५ मे, रविवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

माइकवाला म्हणाला, आता पहिला वॉल्ट्झ. मी उठलो. नाबोरही उठला. मला बघून तो बिचारा परत खाली बसायला लागला, हे मान्य करावं लागेल. यारेत्सी मधोमध उभी होती, जांभळ्या झग्यात. माझ्याकडे बघत राहिली. मग जाऊन तिने नाबोरचा हात धरला. मी उभा तो उभाच. उभ्या माणसाने काहीतरी करायला हवं म्हणून शेजारच्या टेबलावर सोडा ओतायला लागलो. तेवढ्यात माइकवाला म्हणाला, सोड्याबद्दल आभार, कुटुंबाचे स्नेही श्री. फिदेन्सियो! टाळ्या पडल्या. स्नेही! पंधरा वर्षं बाप आहे मी तिचा. काळजात कोणी सुरी खुपसावी तसं झालं.

आज दुपारी आई डबा घेऊन आली. मी तोंड सोडलं. हे ओफेलियाचं कारस्थान. नाहीतर त्या नाबोरचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा काटा काढलात. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, नाबोरने माइकवाल्याला 'मुलीचे वडील' असंच सांगितलं होतं. यारेत्सीने ते बदलायला लावलं. म्हणाली, वडील म्हटलं तर लोक विचारतील, मग हे नाचत का नाहीत, आणि पप्पाला सगळ्यांसमोर लाज वाटेल.