पिंपळाचा पार आणि ऑस्ट्रेलियाची कचेरी

नवं गावठाण, पेठजवळ
धुळवड, २००८

प्रिय पीयूषशेठ,

हौशीरामचा रामराम. चंपालालकाकांना आणि सुमतीकाकूंना जय जिनेंद्र सांग. काकांचा गुडघा कसा आहे ते त्यांनाच विचारून कळव, तुझ्या अंदाजाने नको. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी वृषालीवहिनी शाळेत पोरांना इंग्रजी शिकवते आणि घरी आल्यावर मला शहाणपण शिकवते, दोन्हीकडे निकाल सारखाच. (इंटरनेटचा धंदा करणारा माणूस ईमेल सोडून पत्र का लिहितो, असं तू म्हणशील. तुझे ईमेल काका वाचत नाहीत. पत्र आलं की मात्र चष्मा शोधायला उठतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.)

तर झालं असं. मी आधी केबल टीव्ही चालवायचो हे तुला माहीत आहेच. आता त्याच खांबांवरून घरोघरी इंटरनेट देतो. पुण्याच्या ज्या कंपनीकडून लाइन घेतली तिथले साहेब म्हणाले, प्रत्येक घराला वेगळा पत्ता कशाला हवा? एकच पत्ता देतो, अख्खं गाव त्याच्याआड बसवा, काही अडत नाही. (इंटरनेटवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता लागतो, टपालासारखाच. हे काकांसाठी लिहिलं. तू इंजिनिअर आहेस, पुढे वाच.) साहेबांचं बोलणं सोयीचं होतं, व्यवहाराचं होतं, आणि ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

तुला आठवतं का रे? धरणाचं पाणी गावात शिरलं आणि आपण सगळे इकडे माळावर येऊन पडलो, तेव्हा कितीतरी वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता. नव्या गावठाणाला धड नावही नव्हतं. पेठेत काकांनी दुकान टाकलं होतं, म्हणून सगळ्या गावाचं टपाल तिथे यायचं. कुणाचंही पाकीट असो, खाली ‘मार्फत चंपालाल किराणा’. काका ती पत्रं हिंगाच्या डब्याशेजारच्या फळीवर जपून ठेवायचे आणि बाजाराच्या दिवशी ज्याची त्याला द्यायचे. गेणभाऊंचा मुलगा लष्करात होता. त्याचं पत्र हुंगून म्हातारा म्हणायचा, “पत्र पोराचं अन् वास हिंगाचा! आमाला सोताचा पत्ता कवा मिळायचा, राव?” काका हसायचे, पण मला ते हसू तेव्हाही खरं वाटायचं नाही. त्यांचंही जुनं घर-दुकान पाण्यातच गेलं होतं ना. म्हणून साहेबांना म्हटलं, एकदा राहिलो मार्फत, आता नाही. ज्याचा पत्ता त्याला मिळालाच पाहिजे.

आता हे पत्ते वाटतं कोण, तर आशिया खंडाची एक कचेरी आहे, आणि ती आहे ऑस्ट्रेलियात. (खंड आमचा, कचेरी त्यांच्याकडे. आपल्या धरणाची कचेरी तरी कुठे गावात होती?) वृषालीने झकास इंग्रजीत अर्ज केला. तिकडून एका बाईंचं फार अदबीचं उत्तर आलं, की तुमच्या जाळ्याचा नकाशा पाठवा, कोण कोणाला जोडलेलं आहे ते दाखवा. मी गेणभाऊंना समोर बसवलं आणि काढला नकाशा. तुमच्या दुकानाच्या ओट्यापासून सुरुवात केली. त्याला लागून आमचं घर, पुढे गेणभाऊ, त्यांना खेटून भिमाजी, मग पिंपळाचा पार, खाली नदी. म्हातारा सांगत होता आणि मी काढत होतो. सगळं काढून झालं, वृषालीने पाठवूनही दिलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी बुडालेलं गाव पाठवलंय.

पण मी तरी काय करणार? इथे प्लॉट वाटले चिठ्ठ्या टाकून. गेणभाऊ एका टोकाला, भिमाजी दुसऱ्या. दोघांचं बांधावरून पिढीजात भांडण. बांध गेला पाण्याखाली, तरी भिमाजी रोज काठी टेकत गावठाण ओलांडून येतो, मनसोक्त भांडतो आणि चहा पिऊन जातो. कोण कोणाला जोडलेलं आहे, याचं खरं उत्तर मी दिलं होतं.

बाईंनी विचारलं, नकाशाच्या मध्यभागी मोठा गोल आहे आणि सगळ्या रेघा तिथे येतात, ते उपकरण कुठल्या कंपनीचं? (तो पार.) शिवाय काही जोडण्या नदीपलीकडे जातात, त्यांचं काय? वृषालीने कपाळाला हात लावला आणि नव्या खांबांचा नकाशा काढून दिला. मी एवढंच मागितलं, की खांब नवे असू देत, पण नंबर जुन्या शेजाराने लागू देत. बाईंची हरकत नव्हती. त्यांची शंका वेगळीच होती. घरं इतकी, आणि पत्ते त्याहून जास्त का?

कारण मी गेलेल्यांचेही धरले होते. भोसरीला गेलेले, ठाण्याला गेलेले, तुम्ही. यात्रेच्या पंगतीत न आलेल्या घराचंही पान मांडतात आणि शेवटी ते गाईला घालतात, हे मी वृषालीकडून इंग्रजीत लिहून घेतलं. बाईंना ते समजलं की नाही देव जाणे, पण पत्ते मंजूर झाले! मात्र वर्षभरात जे वापरात येणार नाहीत ते गरजूंना द्या, असंही त्यांनी कळवलं. हायवेच्या नव्या इमारती माझ्याकडे रोज पत्ते मागतायत, तेव्हा तेही चुकीचं नाही.

गेणभाऊंनी स्वतःचा नंबर दारावर ऑइलपेंटने रंगवून घेतला, ‘सुस्वागतम’च्या वर. घरात कॉम्प्युटर नाही. भिमाजी म्हणतो, “ह्याचा नंबर माज्या आधी कसा?” एकूण गाव जागेवर आलं.

काम काही नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझा,
हौशीराम

ता. क. डिंभ्याच्या धरणाचे मासे यंदा लई गोड आहेत. तुमच्या काही कामाचे नाहीत, नुसतं कळवलं.

ता. क. दुसरा. काम आहे. बाईंनी दिलेलं वर्ष चैत्राच्या यात्रेला भरतंय. भोसरीवाले, ठाणेवाले येऊन आपापलं मशीन लावून गेले. माझ्या शेजारचा नंबर तेवढा रिकामा आहे, ‘चंपालाल किराणा’. मी तिथे माझंच काहीतरी लावून वेळ मारून नेणार होतो, पण गेणभाऊ काठी घेऊन उठले. “शेठचं पान हाय ते. औंदा गाईला घालायचं नाय!” तेव्हा एक जुना कॉम्प्युटर घेऊन यात्रेला ये.

ता. क. तिसरा. कॉम्प्युटर विसरलास तरी चालेल, माझ्याकडे दोन पडून आहेत. काकांना आण. सगळ्या गावाचं टपाल सांभाळलेला माणूस बंगळुरात तुझ्या मार्फत राहतो, हे मला बघवत नाही. पाकिटाला हिंगाचा वास येईल. मुद्दाम आणलाय. त्यांना आधी हुंगायला दे, मग वाचायला.