न शिवलेलं ताट

चि. सौ. हौसास,

रडगाणं गायला लिहीत नाही. तुझ्या भरतच्या लग्नात मावशीच्या मानाचं ताट न शिवता मी मांडवातून निघून गेले. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आक्का, आमचं ज्येवान तुला ग्वाड लागत न्हाई व्हय?" मी मागं न बघता चालत राहिले. तेव्हापासून तू माझ्या दारात आली नाहीस.

आता बोटं सुजून वळत नाहीत. भाकरी थापता येत नाही, एकटीपुरता भात लावते. नारायणगावच्या डॉक्टरांना हात दाखवला, तर ते पोटाचंच विचारत बसले. तपासणीनंतर म्हणाले, आतड्याला आतून सूज आहे आणि सांध्यांची सूज त्याच आजारातली आहे. पोटाचं मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही जुलाबामुळेच पळाले, हौसा. मांडवाजवळ बाईमाणसाला जायला जागा नव्हती.

फोनवर सांगावं, तर तू फोन स्पीकरवर लावतेस. पत्र टाकावं, तर तुला अक्षर दिसत नाही. सूनबाई मोठ्यानं वाचणार. म्हणून हे घरातच राहील.

औषध सुरू केलंय. तुझ्या तळेघरपर्यंत एसटीत निर्धास्त बसता आलं, की येईन. काही विचारू नकोस. ताट वाढ आणि समोर बस.

तुझी,
आक्का