ते म्हणतात, गडद निळा घ्या

२४ जून, मंगळवार

ओढणी गेली! चेनमध्ये. गळ्यात असतानाच.

बदनापूर सोडून दोन किलोमीटरवर, उताराला. आधी कुणी मागून मान ओढल्यासारखं वाटलं, मग सायकल आडवी आणि मी सायकलखाली. ओढणीचं एक टोक गळ्यात, दुसरं चेनमध्ये. सोडवता येईना, उठता येईना. बांधावर एक बाई गवत कापत होत्या. पुष्पाबाई. नाव नंतर विचारलं. त्या पळत आल्या आणि हातातल्या विळ्याने ओढणी कापली. मग माझी कॉलर नीट करत म्हणाल्या, "गळा हे तर ओढण्या लई मिळतील. पण सायकल चालवायची तर सायकलीजोगे कपडे घालत जा, बाई."

अगदी बरोबर. पण सायकलीजोगे म्हणजे कोणते? आणि आमच्या घरात?

कोपर सोललंय. घरी सांगितलं नाही. उरलेली ओढणी कपाटात, साड्यांच्या खाली.

२५ जून

आज घाबरून रिक्षाने गेले. सहा किलोमीटर जायला सव्वा तास, कारण अकरावा माणूस मिळेपर्यंत रिक्षा हलत नाही! शाळा सव्वादहाची, पोचले तर अंगठ्याच्या मशीनवर दहा छत्तीस. मुख्याध्यापिका वंदना मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, संस्थेवाले दिवाळीपर्यंत तुमचं काम बघणार आहेत, माझ्या हातात फार काही नाही, तेवढी वेळ सांभाळा.

एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. शाळेची ग्रंथपाल! दोन कपाटं पुस्तकांची, एक पंखा, आणि मधल्या सुट्टीत दारात उभ्या मुली. ही नोकरी मला हवी आहे. इतकी हवी आहे की लिहायलाही भीती वाटते.

म्हणजे सायकल पाहिजेच. मुलगा अमन पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची सायकल बोळात पडून होती. तीच चालवते आहे. सायकल आहे, रस्ता आहे, पाय अजून धड आहेत. अडलंय फक्त कपड्यांपाशी.

२८ जून, शनिवार

मोबाईलवरून मागवलेले सायकलचे कपडे आले. अरे देवा! पोपटी रंग, अंगाला चिकटलेला शर्ट, आणि चड्डीला बसायच्या जागी उशी शिवलेली. पारस खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एकता, हे घालून गल्लीतून गेलीस तर दुकान बंद करून लोकं बघायला येतील." नवरा म्हणून मदत शून्य. काही विचारलं की म्हणतात, बाबूजींना विचार. जसं काही मी सासऱ्यांना विचारू शकते!

परत पाठवले.

मला शर्यत लावायची नाहीये. जे घालून सायकल चालवली तेच घालून शाळेत उभं राहता आलं पाहिजे. पावसात भिजू नये, उन्हात उकडू नये, चिखल दिसू नये, चेनमध्ये अडकू नये, आणि घरातल्यांना बघवलं पाहिजे. एवढंच तर मागते आहे.

१ जुलै

प्लास्टिकचा रेनकोट घालून बघितला. पाऊस आला, बाहेरून एक थेंब आत गेला नाही. आतून मात्र घामाने अशी भिजले की कुर्ता पिळावा लागला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही रेनकोट विसरल्या का?"

२ जुलै, बुधवार

सासूबाईंना, म्हणजे मम्मीजींना, ओढणी सापडली. साड्यांत डांबरगोळ्या ठेवायला कपाट उघडलं आणि कापलेलं टोक हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, झालं, सायकल संपली. त्यांनी काठ बघितला, मग माझं कोपर बघितलं. "इळ्यानं कापली," म्हणाल्या. "कात्रीचा काठ असा नसतो."

सगळं सांगितलं. रडलेसुद्धा थोडी. सायकल बंद करायला लावू नका, एवढंच म्हणत राहिले.

त्या नेहमीसारखंच बोलल्या. "ह्यांला इचारते."

वीस वर्षं झाली मला या घरात येऊन. बाबूजी माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नाहीत, आणि मी त्यांच्याशी. भांडण नाही, रीत आहे. ते खोलीत आले की माझा पदर डोक्यावर. मला काही हवं असेल तर मी मम्मीजींना सांगते, मम्मीजी त्यांना विचारतात, आणि उत्तर घेऊन येतात: "ते म्हणतात…" घरात सगळे मारवाडी बोलतात. पण मम्मीजी वाटूरच्या, मी भोकरदनची, दोघी मराठी शाळेतल्या, त्यामुळे आम्हा दोघींचं मराठीत. ही वहीही म्हणूनच मराठीत.

रोज सव्वानऊला बाबूजी पुढे दुकानात बसलेले असतात आणि मी मागच्या दाराने सायकल काढते. सुरजमलजींची सून सायकलवर जाते हे गावाने त्यांना सांगितलं नसेल, असं होणार नाही. ते आजवर काही बोलले नाहीत. उद्या बोलले तर?

३ जुलै

उत्तर आलं!!

पोळ्या लाटताना मम्मीजी सहज म्हणाल्या, "ते म्हणतात, चालवू द्या. पण ओढणी नको. घेराचं काहीच नको."

मी लाटणं खाली ठेवलं. पुढे तर मला वहीच काढावीशी वाटली. ते म्हणतात, टेरीकॉट घेऊ नका, ओलं झालं की पायाला चिकटतं. सुती तर बिलकुल नको, संध्याकाळपर्यंत वाळत नाही. पॅराशूटचं कापड घ्या, पण पातळ नको. तळहातावर ताणून वर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल राहिला तर घ्या, पसरला तर ठेवून द्या. मग तेच कापड तोंडाला लावून फुंका. थोडी हवा पार गेली पाहिजे, नाहीतर उकडून मराल.

बाबूजी! पन्नास वर्षं कापड मोजणारा माणूस. मला वाटायचं त्यांना मी घरात आहे हेही लक्षात नसेल. आणि ते माझ्या घामाचा विचार करतात!

५ जुलै, शनिवार

बाबूजी आणि पारस जेवायला आत आले, तेव्हा मम्मीजी आणि मी दुकानात शिरलो. वरच्या फळीवर पॅराशूटचे चार तागे. मम्मीजींनी ग्लासभर पाणी सोबत आणलं होतं. थेंब टाकला, फुंकून बघितलं. दोन तागे नापास, दोन पास: एक गडद निळा, एक जांभळा. जांभळ्यावर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. आयुष्यभर फिकट बिस्किटी साड्या नेसणारी बाई.

"जांभळा घेऊ?" मी विचारलं.

"ते म्हणतात, गडद निळा घ्या. चिखल दिसत न्हाई."

निळा घेतला.

८ जुलै

रामकिसन टेलर शाळेचे गणवेश शिवतात. जाकीट आणि पँट हे ऐकून त्यांनी टेप गळ्यात अडकवून विचार केला. म्हणाले, "मॅडम, हे मी पैल्यांदाच शिवून राह्यलो. बिघडलं तर बोलायचं न्हाई." मापाला माझा जुना कुर्ता दिला. ते परवाचं; आज शिवून आलं.

बिघडलंच. आरशासमोर सुंदर बसलं. हँडल धरलं तर बाह्या कोपरापर्यंत वर आणि पाठ उघडी! उभ्या बाईचं माप, बसलेल्या बाईला कसं पुरेल?

पुन्हा माप घ्यायचं तर सायकलवर बसून. रामकिसनच्या दुकानासमोर? बाबूजींच्या नजरेपुढे? छे!

९ जुलै

मागच्या अंगणात मम्मीजींनीच माप घेतलं. सायकल स्टँडवर, मी सीटवर, हात हँडलवर. टेप नव्हती. त्यांनी वितीने मोजलं. मानेपासून मनगटापर्यंत चार विती आणि तीन बोटं. मागचा भाग कमरेखाली एक वीत जास्त, चाकाचा चिखल उडतो म्हणून. बाजूंना चीर. काखेतला मुंडा सैल. टोपीला पुढे दोन बोटं कडक पट्टी, म्हणजे पाणी डोळ्यांत न येता पुढे पडेल. पँटच्या पोटऱ्यांना इलॅस्टिक.

"हे पण बाबूजींनी सांगितलं?"

"मंग? मला काय कळतंय त्यातलं."

माप झाल्यावर त्या हँडल धरून तशाच उभ्या राहिल्या. वाटूरला भावाची सायकल होती, म्हणाल्या. मोठी, मधल्या दांडीची. दांडीखालून पाय घालून कैची मारायच्या. तेराव्या वर्षी सगाई झाली आणि बंद. "लई पळायची ती सायकल," एवढंच म्हणाल्या आणि धुणं वाळत घालायला गेल्या. मला फार वाईट वाटलं.

१२ जुलै

रामकिसनने नव्या मापाने शिवून दिलं. आज घातलं! निळी पँट, वर जाकीट, आत नेहमीचा आखूड कुर्ता. दोन किलोमीटरवर आभाळ फुटलं. मी थांबले नाही. टोपीवरून पाणी पुढे पडत होतं, बाहीवरून थेंब घरंगळत होते, आणि आत मी कोरडी. पुष्पाबाई झाडाखाली उभ्या होत्या, त्यांनी लांबूनच हात वर केला. शाळेत जाकीट खिळ्याला अडकवलं, पंख्याखाली पाच मिनिटांत वाळलं. मशीनवर दहा दोन.

घरी आले तर मम्मीजी ओट्यावर पदर पिळत होत्या. चातुर्मास लागलाय, रोज सकाळी जैन स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला जातात. वाऱ्यात छत्री उलटी झाली, पूर्ण भिजल्या. आधी मला हात लावून बघितलं. "कोरडी हेस की गं!" असं म्हणाल्या जसं काही त्यांनाच कोरडं ठेवलंय कुणीतरी.

१५ जुलै

निळं जाकीट घालून शाळेचे तीनच दिवस झालेत. पण तिन्ही दिवस वेळेवर!

१७ जुलै, गुरुवार

मम्मीजींच्या डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू. पारस त्यांना घेऊन जालन्याला गेले, दोन-तीन दिवस लागतील. फोनवर म्हणाल्या, दिसतंय, मला ते जांभळं कापड आत्ता दाखव.

घरात मी आणि बाबूजी. निरोप न्यायला-आणायला कुणी नाही. चहा दाराशी ठेवते, कप वाजवते, ते घेतात. भाजीत मीठ कमी पडलं होतं. त्यांनी वाटीजवळ मिठाची बरणी ओढली, एवढंच.

१८ जुलै

आज मी बोलले.

राहवेना. एवढं त्या माणसाने माझ्यासाठी केलं आणि मी साधे आभार मानू नयेत? संध्याकाळी चहा ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि दाराच्या चौकटीमागून म्हटलं, "बाबूजी, तुम्ही सांगितलेलं कापड फार चांगलं निघालं." माझाच आवाज मला परका वाटला.

 मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कोणतं कापड?"

मी जाकीट आणून खुर्चीवर ठेवलं आणि मागे सरले. त्यांनी चष्मा लावला. शिवण उलटून बघितली. चहाच्या बशीत पाणी घेऊन थेंब टाकला. तोंडाला लावून फुंकलं. तेच! तस्संच!

"कापड बराबर हे," ते म्हणाले. "पण मी काही म्हटलं न्हवतं. सायकलीचं लोकांकडून कळलं होतं. मी गप राह्यलो."

 जाकीट मांडीवर तसंच.

मी स्वयंपाकघरात येऊन खाली बसले. पन्नास वर्षं दुकानामागच्या खोलीत राहून, आतून ऐकत ऐकत कापड शिकलेली बाई! आणि आणखी काय काय? लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी ड्रेस घालू का विचारलं: ते म्हणतात, चालेल. ग्रंथपालाचा कोर्स: ते म्हणतात, करू द्या. अमनला पुण्याला पाठवायचं, मी नोकरी धरायची: ते म्हणतात, ते म्हणतात. बाबूजी गप्प बसत होते आणि त्या मला "हो" आणून देत होत्या. नाव त्यांचं, जबाबदारी मम्मीजींची. एखाद्या दिवशी उघडं पडलं असतं तर?

आज पडलंच. माझ्यामुळे. उद्या सायकल बंद झाली तर बोलायला तोंड नाही, आणि मम्मीजींना ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच. काय करून बसले मी!

१९ जुलै, शनिवार

सकाळी जाकीट सायकलच्या हँडलवर अडकवलेलं होतं. रामकिसनने शिवणीला सोडलेले दोऱ्यांचे लोंबते शेंडे एकूण एक कापलेले. दुकानात गिऱ्हाईकाच्या हातात कपडा देताना बाबूजी कापतात तसे, बारीक कात्रीने. बाहीचं एक बटण सैल होतं, ते पक्कं केलेलं.

मी सायकल काढली. या वेळी पुढच्या दाराने. ते गादीवर बसून पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही.

शाळेत पोचेपर्यंत रडत होते. जाकिटावर काही दिसत नाही, चांगलं कापड आहे.

२० जुलै, रविवार

मम्मीजी आल्या. काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. महिनाभर डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणजे पावसात स्थानकही बंद. खाटेवर हिरमुसून बसल्या होत्या.

त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "ते म्हणतात, टोपीवालं जाकीट तुम्हालाही शिवून घ्या."

त्या काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिल्या.  मग हळूच विचारलं, "रंग कोणता म्हणतात?"

"जांभळा."

बाबूजी दुकानात होते. सकाळपासून एक शब्दही बोललेले नव्हते.