दसऱ्याचा रंग आणि मागचा दिवा

सोलापूर,
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८५७

अण्णा,

सकाळी सात रस्ता चौकातल्या दुकानातून बॅटरी चार्ज करून आणली, हातगाडीवर घालून. दहा वाजता बसवली. दुपारी गणपतराव येऊन गेले. चारपर्यंत मोटारीखाली होतो. आता दिवेलागण झाली आहे. वहिनी मुलांना घेऊन मोहोळला भावाकडे आहेत, घरात मी एकटाच.

थोरल्या भावाला 'तीर्थस्वरूप' लिहायला हवं. लिहवत नाही. तुम्हाला जाऊन आज महिना झाला, पण लिहायचं कारण ते नाही. कारण तुमच्या मोटारीचा मागचा दिवा आहे. ब्रेक दाबला की लागायला हवा तो, लाल काचेवर इंग्रजीत 'स्टॉप' लिहिलेला. एवढ्या जुन्या मोटारीला हौसेनं बसवून घेतलात आणि सगळ्या स्टँडवर मिरवलात!

उद्या फौजदार तो दिवा बघायला येणार आहेत. मोहोळच्या रस्त्यावर बैलगाडी आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबलात आणि उस्मानभाईची लॉरी मागून धडकली. मोटारीचा उजवा कोपरा चेपला. दिवा डाव्या बाजूला, तो शाबूत राहिला. उस्मानभाई त्या दिवसापासून एकच सांगतोय, "बत्ती नै लगी, साब." उद्या दिवा लागला तर त्याचं कोण ऐकणार? तुरुंगात जाईल.

म्हणूनच तर तुमचे मेहुणे आले होते.

"कारकूनसाहेब, उद्या दिवा लागाय पायजे," गणपतराव म्हणाले. "इंग्रजी शिकलाय की तुमी. दोन तारा जोडाय काय हुतंय?"

"त्या दिवशी लागतच नसला तर?"

"मेलेला मानूस कुनाचा हाय? आपला का त्या लॉरीवाल्याचा?"

पान थुंकून निघून गेले. तेराव्याला सगळ्यात मोठ्यानं याच माणसानं गळा काढला होता. जेवताना मात्र तीनदा बुंदी मागून घेतली. असली माणसं तुम्हाला फार आवडत. हो ला हो म्हणणारी!

हा दिवा तपासायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबायला, एक मागं उभं राहायला. दुसरं कोण आहे आता? पेडल दाबून वरवंटा सीटच्या फळीखाली अडकवला. नवा बल्ब घातला, नाही लागला. तोच बल्ब बॅटरीवर धरला, लख्ख लागला. ब्रेकच्या सळईपाशी स्विच आहे, त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना लावून बघितल्या. नाही. मग तारेचा एक तुकडा घेतला. एक टोक दिव्याच्या पत्र्याला, दुसरं खालच्या उघड्या लोखंडाला.

लागला!

वीज तारेनं दिव्यात येते, पण परत जाते ती मोटारीच्या लोखंडातून. दिवा बसवला आहे तिथं लोखंडाला तो टेकतच नव्हता. मध्ये तुमचा रंग होता.

दर खंडेनवमीला तुमचं ते ठरलेलं. दिवा सोडवायचा, पट्टी, बोल्ट, भोकं, सगळं काळ्या रंगानं चोपडायचं, पुन्हा आवळायचं आणि वर झेंडूचा हार घालायचा. गेल्या वर्षी रंगानंतर दिवा बंद पडला तेव्हा फिटर म्हणाला होता, "अण्णा, बुडाचा रंग खरवडतो, लागंल." काय म्हणालात तुम्ही?

"पूजेचा रंग हाय त्यो. वरीस सरल्याबिगर खरवडत न्हाईत. तू मला मोटार शिकवतो व्हय?"

आठवड्यानं रस्त्याचे हादरे बसून दिवा आपला आपण लागला, तर तुम्ही पेढे वाटलेत. देवीनं लावला म्हणून! अण्णा, एवढा अडाणीपणा आणि त्याची एवढी ऐट मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती नव्हती.

आणि मी? या दसऱ्याला पूजा झाल्यावर तुम्ही आत बसून पेडल दाबलंत. "बाळ्या, लागला का रं?" मागं मी उभा होतो. काचेवर कुंकू, वरून हार, डोळ्यांवर ऊन. मी वाकलोसुद्धा नाही. दिसत नाही म्हटलं असतं तर गल्लीसमोर ऐकावं लागलं असतं, 'कारकुनाला काय दिसतंय, कपाळ!' मी म्हणालो, "लागला."

तुम्ही खूश होऊन हॉर्न वाजवलात. अकराव्या दिवशी गेलात.

कधी एकदा तरी खाली उतरून स्वतः बघायचं नाही का हो? माझ्या शब्दावर कशाला राहिलात? एरवी कधी राहिला होतात?

सीटखाली तुमची डाव्या पायाची वहाण सापडली. टाच पार झिजलेली. जिथं होती तिथंच ठेवली.

उद्या फौजदार येतील तेव्हा रंग तसाच असेल. गणपतराव आकांडतांडव करतील. वहिनी कदाचित पुन्हा या घरी येणार नाहीत. तरी मी सांगेन, दिवा लागत नव्हता, आणि न बघता लागला म्हणणारा मी होतो. फौजदारांनी पंचांसमोर बघून लिहून घेतलं की मग रंग बुडापर्यंत खरवडेन, लोखंड चमकेपर्यंत. मी जिवंत आहे तोवर त्या पट्टीला पुन्हा रंग लागणार नाही, दसरा असो नाहीतर दिवाळी.

हे लिहिता लिहिता उठून तारेचा तुकडा काढून आलो. वरवंटा पुन्हा फळीखाली अडकवला. मागं गेलो, गुडघे टेकून काचेशी डोळा लावून बघितलं.

"नाही लागला, अण्णा," म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

मग वरवंटा धुतला आणि स्वयंपाकघरात नेऊन पाट्यावर ठेवला.

तुमचा,
बाळकृष्ण