कार्डावरचा शब्द

वुच (पोलंड), १२ मार्च १९९२

चि. सौ. दानुता हिस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

आमची कापडगिरणी बंद झाली ती कायमचीच. काल रोजगार कचेरीत नाव नोंदवायला गेले. खिडकीतल्या पोरीनं कार्डावर काय लिहावं? ‘अकुशल कामगार’! म्हणे, नव्या यादीत विणकर हा धंदाच नाही. मी म्हटलं, बाई गं, सत्तावीस वर्षं माग चालवले, तुटलेला धागा डोळे मिटून बांधते, आणि मी अकुशल? सही न करता कार्ड परत सरकवलं. सही नाही तर बेकारभत्ता नाही, असं तिनं बजावलं. बरं म्हटलं.

तुझ्या धाकटीचा खोकला कसा आहे?

तुझी,
रेगिनाताई


ग्दिनिया, १९ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

खोकला बरा आहे. तुझं पत्र ऐकून हेन्रिक हसला. म्हणाला, सासरवाडीची डोकी दगडाचीच. पण मग जेवला नाही. गोदीत बारा वर्षं वेल्डर होता, आता फुटपाथवर खाट टाकून केळी विकतो. त्याच्याही कार्डावर तोच शब्द आहे, आणि त्यानं मुकाट्यानं सही केली. ताई, शब्दानं पोट भरत नाही. सही कर, नाहीतर सरळ इकडे ये.

काळजीत असलेली,
दानुता


वुच, २७ मार्च

चि. दानुतास, आशीर्वाद.

रोज सकाळी त्याच खिडकीशी जात होते. नवव्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली आणि तिनं साहेबांना बोलावलं. ते मलाच कायदा शिकवू लागले. मी त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली. म्हटलं, साहेब, हे कापड आमच्याच गिरणीचं. कोपरापाशी आडवा धागा दुहेरी गेलाय, नवख्या हाताची चूक. हे तुमच्या यादीतल्या कुणाला कळतं ते सांगा. रांगेतल्या बायका खो खो हसल्या. साहेबांनी बाही निरखून पाहिली, कार्ड ओढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘विणकर’. वर म्हणाले, या गावात विणकराला काम नाही. मी म्हटलं, ते भांडण उद्या.

वळते तो मागे लेओकादिया, माझ्या शेजारच्या मागावरची. तिनं महिन्यापूर्वीच सही केली होती. ती आपलं जुनं कार्ड परत मागत होती. तिच्यामागे आणखी एक, मग आणखी. खिडकी बंद व्हायची वेळ टळली तरी एक बाई जागची हलली नाही.

माया आहे तशीच राहू दे. उद्या लवकर उठायचंय. काम मागायला आम्ही एकोणीसजणी जाणार आहोत.

तुझी,
रेगिना, विणकर